सांडूमास्तरांच्या खेकड्याची रात्र

मुकुंदवाडीच्या घरात पुढच्या खोलीत, जिथं शिवणकाम करणाऱ्या सांडूमास्तरांनी जीव सोडला, तिथं मातीची पणती नऊ दिवस अखंड जळत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर, शिलाई मशीनशेजारी, मास्तरांच्या खेकड्याची काचपेटी होती. झाकणावर वजनाला मास्तरांची कोळशाची इस्त्री.

खेकडा तो केवढा! बोराएवढा, पाठीवर शंख घेऊन हिंडणारा. मास्तरांनी म्हातारपणी हौसेनं कमरोद्दीनच्या माशांच्या दुकानातून आणला होता. पेटीला दिवा पांढरा लावावा, निळा लावावा की लाल, यावर दोघांनी आठवडाभर खल केला. शेवटी ठरलं, दिवसा बारा तास पांढरा आणि रात्री काहीच नाही. संध्याकाळचे सात वाजले की मास्तर शिवताना बोटात घालायचं टोपणासारखं पितळी अंगुस्तान मशीनच्या लोखंडावर तीनदा वाजवायचे. टक, टक, टक. बटण स्वयंपाकघराच्या दाराशी होतं. त्यांची बायको चतुराबाई तिथून खोलीतले सगळे दिवे बंद करायच्या आणि म्हणायच्या, "झाली बाई तुमच्या लेकराची रात!"

जाताना मास्तर बायकोला एवढंच म्हणाले, "त्याला जप."

त्याच दिवशी खेकडा वाळूत शिरला, तो वर आलाच नाही.

नवव्या दिवशी कमरोद्दीन भेटायला आला. पेटीत वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"चाची, ये कात टाकायला खाली गेलाय. अंग वाढलं की जुना शंख सोडून मोठा धुंडतो. इसको अंधेरा होना. तुमच्या पणतीपायी नऊ दिवस याची रातच झाली नाय."

"कापड टाकून पाहिलं रे. काच घामेजली, कुबट वास सुटला."

"कापड नको, अन् पेटी हलवू पण नका. वाळू ढासळली की आतल्या आत दबून मरंल."

"मग तुझा तो लाल बल्ब?"

"वो दुकानदारी की बात है, चाची. लोकांला वाटतं त्याला लाल दिसत नाय. सब दिखता उसको." त्यानं आवाज खाली आणला. "आज-उद्या दिवा मालवा. नाय तर आशा सोडा."

दारात उभ्या असलेल्या चतुराबाईंच्या मुलानं, बद्रीनाथनं, ते ऐकलं.

"दहाव्याची रात सरेपर्यंत दिवा जागचा हलवायचा नसतो, विझू द्यायचा नसतो. एका किड्यापायी नानांना अंधारात धाडतीस का, माय?"

चतुराबाईंनी पणतीची वात सारखी केली. पोलीस ॲक्शनच्या साली, निजामावर फौज आली तेव्हा, त्या आठ वर्षांच्या होत्या. करमाडला त्यांचे वडील तापानं गेले आणि तिसऱ्याच रात्री रस्त्यावर गाड्यांची घरघर ऐकू आली. दाराच्या फटीतून उजेड बाहेर पडू नये म्हणून आईनं वडिलांच्या दिव्याची वात चिमटीत दाबली. आईच्या बोटांचा तो करपट वास चतुराबाईंना अजून आठवायचा. दहाव्याला पीठ पसरलं, त्यावर काहीच उमटलं नाही. "वाट नाही गावली माझ्या लेकाला," असं आजी मरेपर्यंत म्हणत राहिली.

दहाव्या दिवशी, दिवेलागणीला, चतुराबाईंनी पणतीशेजारी शहाबादी फरशीवर ज्वारीचं पीठ पसरलं, तळहातानं सारखं केलं. मधोमध मास्तरांचं अंगुस्तान ठेवलं आणि वर वेताचं टोपलं पालथं घातलं. सकाळी पिठात ज्या जिवाचं पाऊल दिसेल, त्या जन्माला माणूस गेला असं समजायचं. बद्रीनाथनं पणतीत तेल घातलं आणि तो आत जाऊन झोपला.

चतुराबाई पेटीपाशी बसून राहिल्या. वाळूवर पणतीचा उजेड हलत होता. बाकी काही हलत नव्हतं. मास्तरांनी सगळ्या आयुष्यात त्यांच्याकडं मागितलं ते एवढंच. त्यांनी हात पुढं केला आणि वात चिमटीत दाबली.

बोटांना तोच वास आला. तशाच त्या भिंतीला टेकल्या. डोळा लागता लागता कोरं कापड नखानं टरकावल्यासारखा बारीक आवाज त्यांनी ऐकला.

पहाटे जाग आली तेव्हा इस्त्री झाकणावर जशीच्या तशी होती. आत वाळूला भोक पडलं होतं आणि भोकाशेजारी शंख होता. रिकामा. चतुराबाईंनी कपाळाला हात लावला. दिवाही गेला आणि खेकडाही.

बद्रीनाथ उठून आला, त्यानं ट्यूब लावली.

"माय! दिवा?"

"मीच मालवला."

 तो दात आवळून खाली बसला आणि त्यानं टोपलं उचललं.

पिठात पाऊल नव्हतं. टोपल्याच्या काठापासून आत, सुईनं टोचावीत तशी बारीक भोकं, एका ओळीत, सारख्या अंतरानं. मास्तरांच्या हातच्या तुरपाईसारखी. ओळ अंगुस्तानापाशी संपत होती. काल उभं ठेवलेलं अंगुस्तान आता आडवं होतं.

ते जरासं उचललं गेलं आणि फरशीवर आपटलं. टक.

बद्रीनाथ मागं सरकत भिंतीला भिडला. टक. पुन्हा टक.

"माय, हे तर नाना..."

"आले, आले," चतुराबाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.