कडू घास

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात चूल पेटत नाही. शेजारणीनं भाकरी न्यायची आणि पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, त्याला म्हणायचं कडू घास. धोंडाबाईची सासू गेली तेव्हा तिला तो शेजारच्या गंगूबाईनंच भरवला होता. आता गंगूबाईचा नवरा सोपान गेला होता, आणि त्याला धरणाच्या रस्त्यावर उडवणारा पिकअप धोंडाबाईच्या राजूचा होता. मारुंजीच्या बारमधून ढोसून येत होतं कार्टं. थांबलंसुद्धा नाही मेलं!

राजू कोठडीत बसला होता. त्याचा बाप उद्या वकिलाकडं जाणार होता. धोंडाबाईनं पिठलं-भाकरी केली, टोपलीत घातली.

"कुटं निगालीस?" तिचा नवरा कोंडिबा दारात आडवा झाला. "मारतील तुला."

"मारू द्या. माज्याच पोटचं हाय ते."

तिला बघून गंगूबाईच्या ओटीवरच्या बायका बाजूला सरकल्या. गंगूबाईची जाऊ तुळजाबाई ताडकन उठली. "लाज न्हाई वाटत? उचल ती टोपली अन् चालती हो!"

लाज? लाजेनं तर तिच्या घशाखाली पाण्याचा घोटही उतरला नव्हता.

"बसू दे तिला," गंगूबाई म्हणाली.

धोंडाबाई तिच्यापुढं बसली. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, हात पुढं केला. गंगूबाईनं तोंड उघडलं नाही.

"धोंडे, राजूला वकील देऊ नगंस. केलंय ते भोगू दे त्याला. व्हय म्हण, मंग खाते."

काय चूक होतं त्यात? काहीच नाही. देवापुढं बसून धोंडाबाई स्वतः हेच तर म्हणत होती. समोर गंगूबाईचं मोकळं कपाळ दिसत होतं. एवढासा शब्द, पण तोंडातून निघेना. जीव तुटत होता, तरी निघेना. बोटांवरचं पिठलं वाळायला लागलं.

"माजं येकच हाय गं," ती कशीबशी बोलली.

गंगूबाईनं तिचा हात हळूच बाजूला सारला आणि तोंड फिरवलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी अडवलं नाही. धोंडाबाई टोपली घेऊन उठली.

घरी कोंडिबा वाट बघत होता. "खाल्ला का तिनं?"

धोंडाबाईनं टोपली उंबऱ्यातच ठेवली.

"न्हाई," ती म्हणाली. "उद्या वकिलाकडं मी बी येते."