काल्याचं दही

शेवंतीने तांबूच्या गळ्यातला दोर सोडला आणि पाठीवर थाप मारून तिला व्हाळाकडे, खालच्या ओढ्याकडे, हाकललं. दुसरी गाय, कपिली, मात्र तिने अंगणातल्या निळ्या पिंपाशी नेऊन बांधली. पिंपातलं पाणी दोघींना पुरून उरलं असतं. पण तांबूचं दूध गोकुळदासच्या घरी जायचं, आणि त्या घरात काय जावं हे शेवंतीने नवऱ्याच्या तेराव्यालाच ठरवलं होतं.

गोकुळदास वरच्या अँटिबायोटिक बनवणाऱ्या औषध कारखान्याचा मॅनेजर. कारखान्याचं पाणी अंधार पडला की पायपातून व्हाळात सुटायचं. त्याच पाण्यात उभा राहून शेवंतीचा नवरा शिवदास वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, लावणी करत होता, तेव्हा पायाला पत्रा लागला. जखम चिघळली. म्हापशाच्या डॉक्टरांनी एकेक अँटिबायोटिक देऊन पाहिलं आणि शेवटी हात टेकले. जंतूंना ही औषधं सरावाची झालीत, म्हणाले. शेवंती तक्रार घेऊन गेली तेव्हा गोकुळदासने तिला बस म्हटलं नाही.

"औषध खंय आसा पाण्यात? दाखय माका," म्हणाला, आणि हसला.

ते हसणं तिला नवऱ्याच्या मरणाइतकंच झोंबलं होतं. खोटं कशाला सांगा!

कसं दाखवायचं ते लेकीने नकळत शिकवलं. सुविधा कॉलेजच्या प्रयोगशाळेत याच पाण्यावर काम करते. पाळी गावात, शेवंतीच्या माहेरी, खाणीच्या ढिगांवर लोहखनिजाची भुकटी पडून असते. ती तिने मामाकडून पोत्यांनी आणवली आणि पिंपात भरली. वरून व्हाळाचं पाणी, आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेवर ओतलं की फसफसतं ते. लोखंडाशी गाठ पडली की ते असं खवळतं की पाण्यातल्या औषधाचे तुकडे करून टाकतं, असं सुविधा म्हणाली. शेवंतीला हे फार आवडलं. पाणी रात्रभर निवळलं की ते गायीला. काही दिवसांत कपिलीच्या दुधाचं दही पुन्हा लागू लागलं.

"दुधात औषध उतरलं की विरजणच मरता, आई," सुविधा सहज बोलून गेली. आई एवढे कान देऊन का ऐकतेय, हे तिच्या लक्षात आलं नाही.

उद्या देवळात दहीकाला. काल्याच्या दह्याचा मान गोकुळदासच्या घराण्याचा. पिशवीचं दूध देवाला चालत नाही, आणि वाड्यावर दुभत्या गायी आता शेवंतीच्याच. सगळ्या गावासमोर मडकं उघडलं जाईल आणि आत नुसतं पांढरं पाणी. मग बघू कोण हसतं.

संध्याकाळी ती दूध काढून उठत होती तेवढ्यात क्षमा आली. गोकुळदासची सून, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. रिकामी कॅन तिने आदळलीच.

"काकी, दुधात काय घालतास तां तरी सांगा."

"मी कित्याक घालतलंय?"

"दही लागणा नाय. सासूबाई म्हणतत माझ्या हाताकच गुण नाय. मामंजी म्हणतत पांढऱ्या पायाची सून गावली. उद्यां काल्याचा दही नाय लागला तर माका माहेराक धाडतले."

ती रडली नाही. पण कॅनचं झाकण तिला काही केल्या उघडेना.

शेवंतीने नेम गोकुळदासवर धरला होता. मधे ही पोर उभी आहे हे तिला दिसलंच नव्हतं. तिला स्वतःची चीड आली. आत जाऊन तिने कालची दोन मडकी आणली. एकात चमचा उभा राहील असं दही, दुसऱ्यात पातळ दूध.

"एकच विरजण. ह्यां पिंपातला पाणी पिणाऱ्या गायचा. ह्यां तुमच्या पायपातला."

मग तिने सगळं सांगितलं. शिवदासचा पाय, ते हसणं, तांबूला मुद्दाम व्हाळावर सोडणं. सांगून झालं तेव्हा तिला कोरडं कोरडं वाटलं. एवढा जपलेला सूड हातातून गेला होता.

"कपिलीचा दूध घेवन जा. दही लागतला. तुझो कायच दोष नाय, बाय."

क्षमाने एकदा व्हाळाकडे पाहिलं. मग तिने कॅन तांबूच्या दुधाशी सरकवली.

"ह्यांच घाला."

"खुळी झालंस? गाव तुका खायत."

"खावंदे. काल्याचा मडका सुनेनच नेवचा असता. आनी ह्यां कपिलीच्या दह्याचा पण दिया. दोनूय मडकी मामंजींच्या म्होरे ठेवतंय आनी सगळ्यांदेखत इचारतंय, औषध खंय आसा तां आता तुमीच दाखवा."

कॅन आणि मडकं घेऊन ती चढणीला लागली. तिच्या पावलांना अजिबात घाई नव्हती.

दिवेलागणीला तांबूची पाण्याची वेळ झाली. दोर सुटताच ती सवयीने व्हाळाकडे वळली. शेवंतीने तिला शिंगाला धरून पिंपाशी आणलं. गायीने अनोळखी बादली हुंगली, मान फिरवली, आणि मग तोंड घातलं.

"पी गो बाये," शेवंती म्हणाली. "तुझा काम झाला."