माझा पंखा आणि बाबांचे कान

मित्रांनो, टीव्हीखालच्या कपाटात तेरा वर्षं काढलेला मी एक जुना संगणक आहे. मोठमोठी गणितं मी चुटकीसरशी सोडवतो. पण माझ्यापासून हातभर अंतरावर, रोज, एका माणसाचं काय हरवत चाललं होतं हे मला कळलं नाही. त्या रविवारचा धक्का अजून माझ्यातून गेलेला नाही.

माझा जन्म या घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाला. मला जोडलं या घरच्या मुलीने. तिला सगळे छकुली म्हणतात. आता ती पुलांची कामं बघणारी इंजिनिअर आहे, तरीही छकुलीच. तिने एक बुटका काळा डबा आणला, त्यात एकेक भाग बसवला. एक स्क्रू खाली पडला, तर आई टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरली. मग छकुलीने घरातले सगळे सिनेमे, फोटो आणि बाबांच्या कपाटभर गाण्यांच्या सीडी माझ्यात उतरवल्या. शनिवारी संध्याकाळी सगळं घर माझ्यासमोर बसायचं. पाहुणे आले की बाबा कौतुकाने सांगायचे, "हा आमच्या छकुलीने बनवलाय. बाजारात मिळणार नाही असला!"

बाबांचा धंदा पियानो जुळवण्याचा. पियानोत दोनशेच्या वर तारा असतात. एकेक तार किल्लीने ताणायची, सैल करायची आणि कान म्हणेल तिथे थांबायचं. बाबांचा कान म्हणजे घराचं पोट आणि घराची अब्रूही. कामावरून आले की ते माझ्याशेजारच्या खुर्चीत टेकायचे आणि डोळे मिटून गाणी ऐकायचे.

हळूहळू सिनेमे ज्याच्या त्याच्या फोनवर गेले. माझं झाकण कुणी उघडेना. पंख्यावर धुळीचा थर बसला, आणि तो बारीक, धारदार आवाजात चिरकू लागला. आईचं डोकं उठायचं.

"अहो, ऐकलंत का? हा पंखा मला वेड लावणार!"

बाबा उत्तरच देत नसत. आई पुटपुटायची, "सोयीचं तेवढंच ऐकू येतं यांना." आणि मीही मनात हसायचो.

शेवटी छकुलीने दुकानातून आठवडाभराच्या बोलीवर एक म्युझिक स्ट्रीमर आणला. इंटरनेटवरची किंवा साठवलेली, फक्त गाणीच वाजवणारा छोटा डबा. त्याला पंखाच नाही. रविवारी सकाळी आमची दोघांची परीक्षा ठरली. परीक्षक अर्थातच बाबा.

आधी स्ट्रीमरवर पियानोची एक संथ रचना लागली. मग तीच माझ्यावर. मी जीव तोडून वाजवलं. पण पंखा त्या दिवशी अगदी कर्कश ओरडत होता. रचनेत मध्ये एक लांब थांबा होता. त्या शांततेत माझं चिरकणं खोलीभर घुमलं. आईने कानांवर हात ठेवले.

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "वा! किती शांत आहे बघ. उगाच नावं ठेवता याला."

आई हसली. "पुरे झाली थट्टा."

"थट्टा कसली? दोन्ही सारखेच वाजतात. परत करून टाक तो डबा, छकुली."

छकुली हसली नाही. तिने रचना बंद केली. आता खोलीत फक्त माझा पंखा होता.

"बाबा, आता काय ऐकू येतंय?"

"काय येणार? बंद केलंस ना तू."

बाबांनी डोळे उघडले आणि दोघींचे चेहरे पाहिले. मग त्यांनी हात लांब करून माझ्या झाकणावर तळवा ठेवला. माझी थरथर त्यांच्या बोटांना लागली.

"हा... चालू आहे?" ते म्हणाले. "आवाज करतोय?"

आईने मान डोलावली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, आपली वीज जावी आणि हा पंखा कायमचा थांबावा! ज्याला सगळे माझा दोष म्हणत होते, तो माझ्या सगळ्यात जवळ बसणाऱ्या माणसापर्यंत कधी पोहोचतच नव्हता.

"म्हणूनच," बाबा म्हणाले. "वर्षभर लोक सांगतायत, वरचे सूर नीट लागले नाहीत. मी त्यांनाच वेड्यात काढत होतो." आणि ते एकदम ताठ बसले. "काल शाळेचा पियानो जुळवून आलोय. उद्या मुलांचा कार्यक्रम आहे!"

"मी करते फोन," छकुली म्हणाली.

"नाही. चूक माझी, सांगणार मी."

त्यांनी शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाईंना फोन लावला. शब्द एकही गिळला नाही. "बाई, माझ्या कानांचा भरवसा राहिलेला नाही. वरचे सूर दुसऱ्याकडून तपासून घ्या." मग त्यांनी आपल्या जुन्या शिष्येला विनवलं. ती दुपारीच शाळेत गेली. तिथूनच तिने कळवलं, वरच्या अकरा पट्ट्या उतरलेल्या होत्या. बाबांनी फोन खाली ठेवला आणि चाळीस वर्षं वापरलेली किल्ली मांडीवर घेऊन बसून राहिले. आई त्यांच्या शेजारी बसली. ती म्हणाली, "मी तुम्हाला किती बोलले हो." तेवढंच.

कार्यक्रम नीट पार पडला. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, तर बारीक, उंच आवाजच बाबांना ऐकू येत नव्हते; त्यांना कानाची यंत्रं मिळाली. आता मधले-खालचे सूर आणि लाकूडकाम ते बघतात. वरच्या पट्ट्यांना शिष्या कान लावते. दोघं एकाच स्कूटरवरून कामाला जातात.

आणि आमची निवड? गाण्यांसाठी स्ट्रीमर जिंकला, आणि ते बरोबरच झालं. छकुलीने माझी धूळ काढून नवा पंखा बसवला. आता मी फोटो आणि सिनेमे सांभाळतो. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, यंत्रांची धूळ वेळच्या वेळी पुसत जा. पण घरातलं एखादं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर हसू नका, चिडू नका. जवळ जाऊन बघा. कानाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक साधा प्रश्न विचारला होता, "हे कधीपासून आहे?" छकुलीने घरी येऊन तो पुन्हा विचारला. आईला सांगता आलं नाही. छकुलीला नाही. आणि रोज त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मलाही नाही.