गाळलेलं अक्षर

नातीच्या त्या एका पत्राला आजोबांनी उत्तर पाठवलं नव्हतं. त्यांची चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. आता आठ वर्षांच्या नातीशी त्यांचा एक खेळ चाले. अडलेला शब्द तिने पत्राने पाठवायचा, अर्थ त्यांनी लिहून धाडायचा. या वेळी तिने लिहिलं होतं, "टॅबवरच्या खेळात कुणीतरी हा शब्द लिहिला. मी टॅबला विचारलं, पण त्याला सापडत नाही. तुम्हाला सगळे शब्द येतात."

शब्द वाचून आजोबांचे कान तापले. असलं काही त्यांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. पण तिने मधलं एक अक्षर गाळलं होतं, आणि हाताची सवय जाईना. लाल पेनने हंसपदाची खूण करून त्यांनी ते अक्षर वर भरलं आणि पत्र शब्दकोशात दडपलं.

सुट्टीत मुलगा आणि सून पोरांना घेऊन राहायला आले. उत्तराची वाट पाहून कंटाळलेली नात स्वतःच शब्दकोश चाळू लागली. तिला आपलं पत्र सापडलं, दुरुस्त केलेलं. तिने टॅबवर शब्द बरोबर लिहिला. या वेळी टॅबला सगळं सापडलं.

जे दिसलं ते तिला कळलं नाही, पण भीती वाटली. ती धावत बाबांकडे गेली. बाबांनी टॅब हिसकावला आणि तिच्या कानशिलात दिली. कुठे शिकलीस म्हणून दरडावलं. तिने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि काहीच सांगितलं नाही. आईने तिला दोन दिवस धाकट्या भावाजवळ फिरकू दिलं नाही. जेवताना आजोबांजवळ राहणारा तिचा काका म्हणाला, "सरका, घाणेरड्या बाई आल्या." सगळे हसले. आजोबा शेजारीच होते, मान खाली घालून जेवत.

नंतर तिची पत्रं थांबली. सूनबाईंनी फोनवर समाधानाने सांगितलं, की आता पोर सुधारली आहे, कुणाला काही विचारत नाही.

आजोबांच्या थोरल्या बहिणीची, ताईंची, हयात दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली होती. अखेर आजोबांनी त्यांनाच सगळं सांगितलं.

"विचारत नाही? मग उद्या कुणी तिला नको ते दाखवलं, तर सांगेल कुणाला?"

"मला लाज वाटली, ताई. लहान आहे ती."

"अक्षर भरताना नव्हती लहान? तुझी लाज तू राखलीस, मार तिने खाल्ला."

आजोबांनी कागद पुढे ओढला. मग ताईंनीच काय लिहायचं ते सांगितलं. सगळा अर्थ सांगायची गरज नव्हती. हा शब्द माणसाला हिणवायला वापरतात, एवढं पुरे होतं. असं काही दिसलं की टॅब पालथा ठेवायचा आणि मोठ्यांकडे जायचं. मात्र आलेल्या पोराला मोठ्यांनी मारायचं नाही, हेही लिहायचं होतं.

तीन कागद फाडल्यावर चौथा जमला. "विचारलंस, भ्यायल्यावर सांगायला गेलीस, दोन्ही बरोबर केलंस. चुकलो मी. ते अक्षर मी भरलं होतं. हे पत्र बाबांनाही वाचायला दे."

मुलगा यापुढे तोंड पाहील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

आपण मोठी माणसं मुलांच्या हातून टॅब काढून घेतो आणि निश्चिंत होतो. पण मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला घरात उत्तर मिळालं नाही, तर ती ते दुसरीकडे शोधतात. आणि सांगायला आल्यावर मार मिळाला, तर पुढच्या वेळी येत नाहीत.

आजोबांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.