परक्या लढाईतले आप्पा

मेल्यावर माणूस कुठे जातो, हा प्रश्न थोरामोठ्यांनी जन्मभर चघळला आणि तसाच पुढच्या पिढीच्या ताटात टाकून ते उठून गेले. त्याचं खात्रीलायक उत्तर अखेर सोलापुरात, शुक्रवार पेठेत, नीलम्मांच्या स्वयंपाकघरात मिळालं. माणूस मोबाईलमध्ये जातो. फक्त त्याआधी जागा करावी लागते.

जागा करायचं काम शेजारचे वेणीमाधव करत होते. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाचंही काम आपलंच वाटे. नीलम्मांच्या मोबाईलमधले पुतणीच्या लग्नाचे फोटो ते एकेक करून दाखवत आणि 'हा राहू दे की जाऊ दे?' असं विचारत. नीलम्मा काटवटीत ज्वारीचं पीठ मळता मळता मान हलवत. बरेचसे व्याही, दोन आचारी आणि एक घोडा गेल्यावर मोबाईलचं समाधान झालं.

"आता येतील का?" नीलम्मांनी विचारलं.

"येतील. जरा वेळ लागतो," वेणीमाधव म्हणाले. "जिवंतपणी तरी प्रभुलिंगराव कुठं वेळेवर यायचे, वहिनी?"

प्रभुलिंगराव म्हणजे नीलम्मांचे यजमान. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. वळसंगला त्यांची थोडी ज्वारी होती. हयात तिच्यातच गेली. शाळू निसवून कणसं आली की शेतातल्या माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, पाखरं हाकायची. पायावरून बैलगाडीचं चाक गेलं तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे. खांद्यावर टॉवेल असायचा. बोलणं बेताचं. पाखरांशी कन्नड, माणसांशी मराठी, आणि बायकोशी फारसं नाही, असा त्यांचा त्रिभाषा कारभार होता. त्यातही पाखरांना ते अहो-जाहो करत. "हारी होग्रीऽऽ," म्हणजे 'उडून जा हो' अशी हाक माळ्यावरून निघे आणि शिवारभर जाई. एवढ्या आदराने त्यांनी नीलम्मांना कधी हाक मारली नव्हती. त्यांचीही तक्रार नव्हती. त्या काही कुणाची ज्वारी खात नव्हत्या.

मुलगा मल्लिकार्जुन शिकून पुण्याला एका छोट्या गेम कंपनीत लागला. तिथे त्याने वडलांनाच गेममध्ये घातलं. माळा, गोफण, पाखरं आणि आप्पा. कंपनीचा कॅमेरा वळसंगला आणला, आप्पांना बांधावरून चालवलं, माळ्यावर चढवून हाक भरून घेतली. गेम फार चालला नाही. पाखरं हाकण्यात मजा काय, असं खेळणारे विचारत. मग कंपनीही चालेनाशी झाली. मालकाने टेबलखुर्च्यांबरोबर आप्पांनाही एका परदेशी कंपनीला विकलं. मल्लिकार्जुन सोलापूरला परत आला आणि एका शाळेच्या ऑफिसात संगणकासमोर बसू लागला.

तो एक दिवस घरी आला तो उड्या मारायचंच बाकी ठेवून. एका मोठ्या परदेशी लढाईच्या गेममध्ये आप्पा पाहुणे म्हणून यायचे होते.

"पाव्हनं?" नीलम्मांनी विचारलं. "कुणाच्यात?"

त्याने समजावून सांगितलं. एका गेममधलं पात्र दुसऱ्या गेममध्ये थोडे दिवस पाठवतात. इकडचे लोक त्याला बघायला तिकडे जातात, तिकडचे जरा नवं बघतात, आणि मुदत संपली की पाहुणा बंद.

"तितं त्यांचं काम काय?"

"लढायचं."

"कुणाशी? त्यांचं कुणाशी भांडण न्हाय की."

"कुणाशीच नाही. तिथली जी गोष्ट आहे ना आव्वा, तिच्यात पाहुण्याला घेत नाहीत. तो नुसता मैदानात असतो."

"म्हंजी बोलावणं हाय, पण पंगतीत पान न्हाय," नीलम्मा म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या. कडक भाकरीचा धंदा असा की नवरा परदेशी गेला तरी दुकानांना भाकऱ्या द्याव्याच लागतात.

पण एक गोष्ट त्यांनी मनात धरली. मल्लू म्हणाला होता, आप्पांची हाकही घेतलीय.

आप्पांचा फोटो घरात होता. आवाज कुठेही नव्हता. लग्नाकार्यातल्या व्हिडिओत ते मागे उभे असत, आणि फोनवर नुसतं 'हं' म्हणत. ती माळ्यावरची हाक कंपनीकडे होती, आणि कंपनीबरोबर गेली. आणि गेल्या संक्रांतीपासून नीलम्मांना तो आवाज आठवेनासा झाला होता. शब्द आठवत. उन्हाचा चटका आठवे, हाकेनंतर उठणारा पाखरांचा थवा आठवे. मधला आवाज तेवढा गळून गेला होता. ही गोष्ट त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. नवऱ्याचा आवाज विसरले, असं कुणाला सांगणार?

गेम सुरू झाला, आणि मल्लिकार्जुनला एकाएकी कामं निघाली. आज ऑफिसात उशीर, उद्या नेट नाही, परवा त्याचा फोनच तापतोय. शेवटी मुदतीचा अखेरचा आठवडा लागला, तेव्हा वेणीमाधवांनी हे फोटो पुसायचं धर्मकार्य हाती घेतलं होतं.

संध्याकाळी मल्लिकार्जुन ऑफिसातून आला, तेव्हा आईच्या मोबाईलवर गेम तयार होता आणि आई हात धुऊन समोर बसली होती. त्याने फोन घेतला. आप्पा दिसले. नखशिखान्त लोखंडात मढलेल्या राक्षसांच्या, बंदुकांच्या, आगीच्या मधोमध धोतर, टॉवेल, गोफण. डावा पाय ओढत ते पुढे निघाले. तिसऱ्या पावलाला कुणीतरी त्यांना उडवलं.

नीलम्मांचा हात तोंडाशी गेला.

"उठतात, आव्वा," मल्लिकार्जुन घाईने म्हणाला. "इथं लगेच उठतात."

आणि आप्पा उठले. धोतर झटकलं. नीलम्मा त्यांच्याकडे बघतच राहिल्या. वळसंगला ते बांधावर पडले, तेव्हाही त्या अशाच बघत बसल्या होत्या. तेव्हाही वाटलं होतं, उठतील.

"आवाज येईना रे," त्या म्हणाल्या.

"तुझ्या फोनचा स्पीकर गेलाय."

"गेलाय?" वेणीमाधव म्हणाले. "सकाळी तर त्याच्यावर भजन चाललं होतं. साऱ्या गल्लीनं ऐकलं."

मल्लिकार्जुनने फोन खाली ठेवला. चहा घेतो म्हणून उठला आणि चहा न घेताच बाहेर गेला.

वेणीमाधवांना अडचण दिसली की कार्यक्रम सुचत असे. त्यांनी मंडळाचे अध्यक्ष जोतीराम यांना गाठलं. पेठेतला माणूस जागतिक रणांगणावर गेला आहे, आणि पेठेने त्याचा सत्कार करू नये? माणूस हयात नाही, ही अडचण जोतीरामांना वाटली नाही. मंडळाचे निम्मे सत्कार तसेच होत. रविवार ठरला. आप्पांच्या मुक्कामाचा तोच शेवटचा दिवस होता. मल्लिकार्जुनने नको, नको म्हणून पाहिलं. विनय आहे, असं सगळ्यांना वाटलं.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही, शेजारी गणपतीतले दोन स्पीकर. नीलम्मा ठेवणीतलं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. त्यांना चादर आणि श्रीफळ देण्यात आलं. जोतीराम बोलायला उठले. परदेशी कंपनीने गेममध्ये जे लिहिलं होतं ते त्यांनी पाठ केलं होतं. दख्खनच्या प्राचीन योद्ध्यांची ही रणगर्जना, जिने शत्रूंच्या छातीत धडकी भरे, असं ते म्हणाले. रणगर्जनेचा अर्थ 'उडून जा हो' असा होता. हॉलमधल्या अर्ध्याअधिक लोकांना कन्नड येत होतं. पण सत्कार चालू असताना भाषा समजून घ्यायची नाही, एवढी रीतभात पेठेत सगळ्यांना आहे.

मग दिवे घालवले. मल्लिकार्जुनच्या हातात गेम चालवायचं यंत्र दिलं. पडद्यावर आप्पा आले, टाळ्या झाल्या. पाय ओढत ते एका पडक्या बुरुजापाशी गेले. मागून कुणीतरी 'हाक, हाक' म्हणून ओरडलं. मल्लिकार्जुन थांबला. नीलम्मांनी डोळे मिटले. पापण्यांआड वळसंगचं ऊन पसरलं, माळा उभा राहिला, ज्वारीची कणसं हलली. आता फक्त मधला आवाज यायचा होता.

"हाऽऽरीऽऽ होऽग्राऽऽऽ!"

दोन्ही स्पीकर थरथरले. छातीच्या तळातून काढलेली डरकाळी होती. कुणीतरी धडधाकट, पोटभर जेवलेला, पाखरं कधी न हाकलेला माणूस होता तो. 'होग्री'मधली अदबही त्यात उरली नव्हती.

आठवत नसलेला आवाज कसा होता, ते नीलम्मांना तेव्हाही सांगता आलं नसतं. हा नव्हे, एवढं मात्र कळलं. आणि कळलं त्याच क्षणी जो अर्धामुर्धा आवाज मनात कुठेतरी असेल तोही ह्या डरकाळीखाली दबला. त्यांनी डोळे उघडले. पडद्यावर आप्पा पुन्हा मरून पडले होते.

दिवे लागले. वेणीमाधव माईक घेऊन आले. त्यांचे स्वतःचेच डोळे भरले होते. "वहिनी," ते म्हणाले, "ओळखलात ना आवाज?"

नीलम्मांनी मल्लिकार्जुनकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत होता. लहानपणी पाटी फुटली की तो असाच उभा राहायचा, फुटलेली बाजू आपल्या अंगाकडे धरून. स्पीकर का गेला होता, फोन का तापत होता, हे सगळं त्यांना त्याच्या मानेवरून कळलं. आप्पांचं चालणं घेतलं होतं. आवाज कुणा भारी माणसाचा भरला होता. पोराला ते आधीच कळलं होतं, आणि तो एकटाच ते वागवत होता.

"व्हय," नीलम्मा माईकमध्ये म्हणाल्या. "त्यांचाच की."

टाळ्या बराच वेळ चालल्या. वेणीमाधवांनी डोळे पुसले. बाहेर पडताना गल्लीतल्या शिवबाई म्हणाल्या, बाई गं, अंगावर काटा आला. नीलम्मांनी त्यांना अर्धा नारळ दिला.

घरी आल्यावर मल्लिकार्जुनने शर्टही बदलला नाही. उंबऱ्याशीच उभा राहून तो म्हणाला, "आव्वा, तुला एक सांगायचं होतं."

"जेवताना सांग. आधी ते लाव," नीलम्मा म्हणाल्या. "आजचाच दिवस हाय म्हणालास ना?"

"हं."

तो आप्पांच्या वळणाचा 'हं' ऐकून त्या जरा थबकल्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

"जितं मारामारी न्हाय, असं ठिकाण हाय का त्यात?"

सरावाचं मैदान होतं. तिथे कुणी येत नाही, असं तो म्हणाला. एक मोकळं माळरान होतं, कडेला दगडी भिंत, वर उगीच फिरणारे कावळे. मल्लिकार्जुन आईशेजारी बसला आणि त्याने आप्पांना चालवायला सुरुवात केली. भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. डावा पाय मागे राही, मग टॉवेल सावरत तो पुढे ओढला जाई. वळताना ते आधी मान वळवत आणि मग अंग. नीलम्मा ते विसरल्या होत्या. जेवायला हाक मारली की बांधावरून असेच वळायचे, आधी मान.

"चालतात बघ कसे," त्या म्हणाल्या. "उगीच घाई न्हाय."

भिंतीवर कावळे येऊन बसले. मल्लिकार्जुनच्या बोटाला जुनी सवय. त्याने गोफण उचलली. आप्पांनी तोंड उघडलं आणि ती डरकाळी स्वयंपाकघरात घुमली. कावळे उडाले. मल्लिकार्जुनचं बोट काचेवर तसंच राहिलं. आईकडे बघायचा त्याला धीर होईना.

नीलम्मांनी पदराने मोबाईलची काच पुसली. आप्पा भिंतीकडे निघाले होते.

"चालू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "आवाज तेवढा बंद कर, मल्लू."