सर्व हक्क राखीव

उनाइसी ही माझ्या थोरल्या भावाची, वेरेमोची बायको. लग्न होऊन वाइतोकाला आली तेव्हा तिला साधा खेकडा धरता येत नव्हता. पुढे खाजणाच्या चिखलात तिच्यासारखी सराईत बाई आमच्या गावात दुसरी राहिली नाही. लंबासा शहराच्या बाजारात आम्ही दोघी एकाच बाकड्यावर बसायचो. ती खेकडे आणि शिंपल्या विकायची, मी टॅपिओकाचे कंद.

नदीच्या मुखाशी काळी वाळू उपसायला कंपनी आली, आणि पावसाळा नसतानाही पाणी गढूळ राहायला लागलं. शिंपल्या आधी बारीक झाल्या, मग मिळेनाशा. तक्रार केली की सरकारी साहेब म्हणायचे, पुरावा आणा. म्हणून वहिनीनं फोनवर व्हिडिओ काढायला सुरुवात केली. तिनं इंटरनेटवर एक पान उघडलं. त्याला नाव दिलं ‘वाइतोकाचं मुख’. तिचं स्वतःचं नाव मात्र त्यावर कुठेच नव्हतं. चर्चचं नवं छप्पर कंपनीनं घालून दिलं होतं आणि गावच्या मुख्यांनी त्याबद्दल भर सभेत कंपनीचे आभार मानले होते. अशा गावात सुनेनं उघड विरोधात बोलणं सोपं नसतं. पान कुणाचं हे वेरेमोला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि इलाइतियाला.

इलाइतिया वहिनीचा मावसभाऊ, म्हणजे आमच्या रीतीनं भाऊच. तो कंपनीच्या छावणीत पाहुण्यांची सरबराई करायचा, त्यांना मोठ्या पडद्यावर फिल्म लावून द्यायचा. त्यातली एक फिल्म परदेशातल्या पैसेवाल्यांसाठी बनवली होती. शिरस्त्राण घातलेला एक साहेब आमच्याच नदीच्या मुखाशी उभा राहून सांगतो, की प्रवाळाचा हा पट्टा काही वर्षांत मरेल हे आम्ही धरूनच चाललो आहोत. गावकऱ्यांची अडचण नाही, ते कागद वाचत नाहीत.

इलाइतियानं ती फिल्म कितीदा लावली असेल कोण जाणे. एके दिवशी त्यानं तिची नक्कल काढली. आमच्यात बहीण-भाऊ मोठे झाले की एकमेकांशी थेट बोलत नाहीत, ती मर्यादा असते. म्हणून त्यानं ती बायकोच्या, सालानिएताच्या फोनवरून वहिनीला पाठवली. सोबत निरोप होता, तुझ्या भावाकडून आहे, त्याचं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

वहिनीनं साहेबाचं तेवढंच बोलणं घेतलं, त्याच्यापुढे मेलेल्या शिंपल्या आणि गढूळ पाणी जोडलं आणि पानावर टाकलं. आठवड्याभरात आमच्या अख्ख्या वानुआ लेवू बेटानं ते पाहिलं. बाजारात लोक आमच्या बाकड्यापाशीच उभे राहून एकमेकांना तो व्हिडिओ दाखवायचे आणि वहिनी मान खाली घालून खेकडे बांधत बसायची. तेव्हाचं तिचं ते दाबलेलं हसू मला अजून दिसतं.

मग एका सकाळी व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन आला. हक्कधारकाच्या तक्रारीवरून हे काढण्यात आलं आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. पाठोपाठ आणखी दोन व्हिडिओ गेले. ते तर वहिनीनं स्वतः काढलेले होते. पण उपसा करणाऱ्या जहाजावर भोंग्यातून कंपनीच्या जाहिरातीचं गाणं वाजत होतं, ते मागे ऐकू येत होतं, आणि गाणं कंपनीच्या मालकीचं. तीन तक्रारी झाल्या म्हणून अख्खं पान बंद पडलं. वहिनीचा फोन जुना होता, त्यात जागा नसायची. टाकून झालं की ती फोनमधलं पुसून टाकायची. दोन वर्षांची नदी एका सकाळीत गेली.

कंपनीचा परवाना वाढवायचा की नाही यावरची पर्यावरण खात्याची सुनावणी तोंडावर आली होती. आम्ही लंबासाला वकील सुभाष्णी नायकर यांच्याकडे गेलो. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी आधी चहा सांगितला, मग कंपनीची तक्रार शांतपणे वाचली.

“यावर हरकत घेता येते. लोकांच्या हिताची गोष्ट दाखवायला थोडा तुकडा घेतला, असं म्हणता येईल,” त्या म्हणाल्या. “पण हरकतीखाली खरं नाव, घरचा पत्ता आणि सही लागते. आणि कंपनीनं दावा लावला तर तो अमेरिकेतल्या कोर्टात चालेल, हे आधीच मान्य करावं लागतं.”

“नदी इथली, कंपनी ऑस्ट्रेलियाची,” वहिनी म्हणाली. “मग अमेरिका कुठून आली?”

“व्हिडिओ ज्यांच्याकडे ठेवला होता ते तिथले. त्यांना तिथला कायदा लागतो.”

“आणि सही नाही केली तर?”

“तर व्हिडिओ गेला असं समजा. नाव तर ते तसंही मिळवतील, ताई. तिथल्या कोर्टाच्या कारकुनाचा शिक्का पुरतो. न्यायाधीशानं बघावंही लागत नाही.”

घरी आल्यावर वेरेमोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पत्ता काय देणार? आंब्यामागचं निळ्या पत्र्याचं घर? बघू अमेरिकेचा पोस्टमन कसा शोधतो ते.” वहिनी हसली नाही. नाव बाहेर येणारच असेल तर ते तिनं स्वतःच्या हातानं द्यावं, म्हणजे शोध तिच्यापाशीच थांबेल, इलाइतियापर्यंत जाणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. मलाही ते पटलं. तिनं सही केली.

कंपनीनं मुदतीच्या आत तिकडे अमेरिकेत दावा लावला. दावा लागला की तो निकाली निघेपर्यंत व्हिडिओ बंदच राहतो. सुनावणी चर्चच्या सभागृहात झाली, त्याच नव्या छपराखाली. खात्याचे साहेब तसे सभ्य होते. त्यांनी वहिनीला विचारलं, तुमचा पुरावा दाखवा. तिनं फोन पुढे केला, त्यावर तो राखाडी चौकोन. मग ती तोंडानं सांगू लागली, फिल्ममधला कंपनीचा साहेब काय म्हणाला ते. कंपनीचा माणूस उठला आणि म्हणाला की ही फिल्म आमच्या मालकीची आहे, प्रकरण कोर्टात आहे, तिच्याबद्दल इथे चर्चा नको. आमचे साहेब तसं कधी बोललेच नाहीत, असं मात्र तो एकदाही म्हणाला नाही. खात्याच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. परवान्याला मुदतवाढ मिळाली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी आम्ही सोसलं असतं. पण कंपनीनं इथेही फिल्मच्या चोरीची तक्रार दिली आणि एका मंगळवारी पोलीस आले. त्यांनी वहिनीचा फोन घेतला, माझा घेतला, महिला मंडळाचा कॉम्प्युटर चर्चच्या खोलीतून उचलून नेला. मंडळाच्या बायका एकमेकींना काय काय लिहायच्या! कुणाचा नवरा मारतो, कुणाच्या लेकीला दिवस गेलेत, सगळं त्यात होतं. मला ठाण्यात बसवलं तेव्हा फिल्मबद्दल थोडंसंच विचारलं. बाकी सगळे प्रश्न वेगळेच. खाजणाकाठी बैठका कोण बोलावतं? परवान्याला नाही म्हणायचं आधी कुणी सुचवलं? पाद्रीबाबा कुणाच्या बाजूनं आहेत? राजधानीतून, सुवाहून, कोण येऊन गेलं? मी म्हटलं, याचा फिल्मशी काय संबंध. तो पोलीस माझ्या ओळखीचा, आईकडून लांबच्या नात्यातला. तो म्हणाला, “मावशी, मला विचारायला सांगितलंय ते मी विचारतोय.” आणि लिहीत राहिला.

सालानिएताचे निरोप वहिनीनं केव्हाच पुसले होते. पुसलेलं परत काढता येतं हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शुक्रवारी इलाइतियाला छावणीच्या फाटकावरूनच परत पाठवलं आणि सोमवारी त्याच्यावर गुन्हा नोंदला. ऑस्ट्रेलियातल्या फळबागांच्या हंगामासाठी त्याची निवड झाली होती. कोर्टानं त्याचा पासपोर्ट जमा करून घेतला.

वेरेमो आणि वहिनी रीतीप्रमाणे माफी मागायला गेले. मीही गेले. वेरेमोनं देवमाशाचा दात पुढे ठेवला आणि आमच्या घराकडून चूक झाली असं म्हटलं. इलाइतियाच्या काकांनी दात स्वीकारला, यंगोनाच्या मुळांचं पेय कालवलं, वाटी फिरली. रीतीनं सगळं मिटलं. सालानिएता मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आम्ही उठताना इलाइतिया वहिनीकडे वळला. मर्यादा मोडून, सगळ्यांदेखत, तो तिच्याशी थेट बोलला.

“सही केलीस ते मला कळतं, ताई. पण एकदा मला विचारायचंस.”

बोलायची सवयच नव्हती दोघांना. वहिनीनं कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा काठ मुठीत धरला आणि काकांकडे पाहत मान हलवली, जणू ते काकाच बोलले होते. परतीच्या वाटेवर बोटीत ती मला इतकंच म्हणाली, “मला वाटलं मी त्याला झाकतेय.”

इलाइतियावरचा खटला अजून चालू आहे. सुभाष्णीबाई तारखेला जातात. अमेरिकेतल्या कोर्टात वहिनीच्या बाजूनं उभं राहायला कुणीच नव्हतं, त्यामुळे तिथला निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. फोन आम्हाला परत मिळाले, पण मंडळातल्या बायका आता त्यावर चर्चच्या वेळा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एवढंच लिहितात. मारकुट्या नवऱ्याबद्दलही कुणी लिहीत नाही. काही महत्त्वाचं बोलायचं असलं तर फोन घरी ठेवून खाजणात येतात, आणि तिथेही आधी इकडेतिकडे बघतात. गावात वहिनीला कुणी वाईट बोलत नाही. ती आली की विषय बदलतो.

मागच्या महिन्यात भरतीबरोबर मेलेले मासे किनाऱ्याला लागले. चांदीसारखी लांबच लांब रांग, त्यावर माश्या घोंगावत होत्या. सारं गाव बघायला उतरलं. मुख्यही आले आणि बघून परत गेले. इतक्या माणसांत एकानंही खिशातून फोन काढला नाही.

वहिनी घरी जाऊन पोती आणि फावडं घेऊन आली. कुत्र्यांनी खाल्लं तर मरतील, असं म्हणून ती मासे भरायला लागली. मीही वाकले. दुपारपर्यंत आम्ही नारळाच्या झाडांमागे खड्डा खणून ते पुरत होतो, आणि मुखाशी जहाजावरचं ते गाणं चालूच होतं.