दुय्यम भूगोलाची क्षेत्रभेट

चौकात आल्यावर भूगोलाचे सर थांबले, हातातला नकाशा फिरवून फिरवून पाहिला आणि मला म्हणाले, "आता कुठं वळायचं?"

मी खूश झालो. तोंडी परीक्षा इतकी सोपी असेल असं वाटलं नव्हतं. उतार उजवीकडे आहे, म्हणजे नालाही तिकडेच असणार, असं मी ठोकून दिलं. सरांनी मान डोलावली आणि उजवीकडे वळले.

माझा मुख्य विषय अर्थशास्त्र. भूगोल दुय्यम, तोही वर्ग कॅन्टीनच्या वर भरतो म्हणून घेतलेला. विद्यार्थी मी एकटाच. तरी सर रोज हजेरी घ्यायचे. एकदा तर मला शेजारच्याशी बोलू नकोस म्हणून दम भरला होता. तो विनोद मला फार आवडला होता.

क्षेत्रभेट म्हणजे कॉलेजमागच्या नाल्याकाठानं उगमापर्यंत चालत जायचं आणि वाटेत दिसेल ते नकाशात भरायचं. सर ही वाट वर्षानुवर्षं चालत आलेले. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्याही. पैकीच्या पैकी गुण खिशात पडत होते.

मग नाल्याकाठच्या एका गल्लीत ते फाटकासमोर उभे राहिले. फाटकावर त्यांच्याच नावाची पाटी.

"हे घर कोणाचं?"

"सर, एखादा तरी अवघड प्रश्न विचारा की," मी हसत म्हणालो.

सर हसले नाहीत. नकाशाची कडा त्यांच्या मुठीत चुरगळली होती.

"सांग ना रे," ते हळूच म्हणाले.

भूकंपाचा धडा मी चांगला पाठ केला होता. पायाखालची जमीन सरकते तेव्हा आवाज होत नाही, हे त्यात नव्हतं.

तेवढ्यात घरातून सरांच्या पत्नी, काकू, बाहेर आल्या. त्यांनी सरांना पायरीवर बसवलं, पाणी दिलं आणि मला बाजूला घेतलं. गेल्या वर्षीच्या मुलीनंही त्यांना असंच घरी आणलं होतं, म्हणाल्या. रोजचं दूध आल्याचं सांगावं, तशा आवाजात. सरांच्या निवृत्तीला अजून काही महिने होते.

"विभागात सांगशील?" त्यांनी विचारलं. "वर्ग बंद झाला तर हे सकाळी उठणार कशासाठी?"

मी नुसती मान हलवली. नाही, अशी.

"चला," पायरीवरून सर म्हणाले, "उगम बघायचा राहिलाय."

काकूंनी खाली वाकून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. मी फाटक उघडं धरलं. सर बाहेर आले, दोन्हीकडे पाहिलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. माझं कोपर धरलं.